पखवाज घुमतो कशाने?

बचत गटांची सहयोगिनी म्हणून मी लोटे आणि आसपासच्या वाड्यांतून फिरते. गणपती जवळ आले की बैठकीत हप्ते आणि व्याजाच्या जोडीने एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे भजनाचा. पेटी वाजवायला कुणीतरी असते, झांजा तर सगळ्याच वाजवतात. पखवाजाला मात्र शेजारच्या वाडीतून बुवांना बोलवावे लागते. का, असे विचारले की उत्तर ठरलेले, "आमच्या हाताने तो घुमत नाही. बाईच्या हातात तेवढा जोर नसतो."

म्हणून आज याच घुमण्याबद्दल बोलू या. पखवाजाचा खालचा, भरलेला आवाज जोराने येत नाही. तो येतो कणकेने, ताणाने आणि हात वेळेवर उचलण्याने. या तिन्ही गोष्टी आपल्याला जमण्यासारख्या आहेत.

पखवाजाला दोन तोंडे. उजव्या तोंडावर काळी शाई कायमची बसवलेली असते, त्यातून 'ता', 'ना' असे टणटणीत बोल निघतात. डाव्या तोंडाला धुम म्हणतात. तिथे शाई नसते. वाजवायच्या आधी त्यावर गव्हाची ओली कणीक लावायची आणि वाजवून झाले की काढायची. कातड्याच्या मधोमध वजन बसले की ते सावकाश हलते, आणि जे सावकाश हलते त्याचा आवाज खाली जातो. कातड्याच्या मध्यावर असा भार दिल्याने आवाज सुरेल कसा होतो, याचा अभ्यास सी. व्ही. रामन यांनी केला होता. आपल्या तालवाद्यांवरचा त्यांचा लेख १९२० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आला.

आता कणकेचे बघू. पीठ गव्हाचेच घ्या. गव्हाला चिकटपणा असतो. तांदळाचे पीठ सुकले की तडकते आणि गळून पडते. मीठ नको, तेलाचा थेंबही नको. तेलाने कणीक सुटते आणि कातडेही खराब होते. पोळीच्या कणकेपेक्षा किंचित सैल मळा. मोठ्या लिंबाएवढा गोळा घ्या. धुमेच्या मध्यावर ओले बोट फिरवा आणि गोळा तिथे ठेवून पुरीसारखा थापा, मध्ये जाड आणि कडेला पातळ. कडा नीट चिकटल्या नाहीत तर आवाज फडफडतो. मग वाजवून बघा. आवाज उंच आणि कोरडा वाटला तर थोडी कणीक वाढवा. नुसते 'भद्द' वाजले तर थोडी काढा. एकदम मोठा गोळा लावू नका. भजन तासभर चालले की कणीक सुकते, हलकी होते आणि आवाज वर चढतो. दोन अभंगांच्या मध्ये ओले बोट फिरवले की पुन्हा जागेवर येतो.

दुसरी गोष्ट ताणाची. दोन्ही तोंडे एकाच वादीने ओढलेली असतात. त्यामुळे उजवे तोंड चढवायला गठ्ठे ठोकले की धुमही ताणली जाते. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी पेटीचा सा धरून उजवे तोंड लावून घ्या, मगच धुमेला कणीक लावा. धुम त्याच सा च्या खालच्या सप्तकात, खर्जात बोलायला हवी. बायकांचा सूर पुरुषांपेक्षा उंच असतो. बुवांच्या पट्टीला लावलेला पखवाज आपल्याला तसाच चालेल असे नाही. आपल्या पट्टीला उजवे तोंड चढवले की धुमेला कणीक थोडी जास्त लागते.

तिसरी गोष्ट हाताची. 'घे' वाजवताना पंजा पडला की लगेच उचला. हात कातड्यावर राहिला तर आवाज तिथेच दबतो. तो झाला 'क', बंद बोल. जोरात मारून हात तसाच ठेवणारीपेक्षा हलके मारून हात उचलणारीचा पखवाज जास्त घुमतो. डाव्या हातातल्या बांगड्या वर सरकवा, नाहीतर गजऱ्यावर आपटतात. धुमेवर पदर किंवा मांडी येऊ देऊ नका.

आपल्याकडे पावसाचा त्रास वेगळा. कातडे हवेतला ओलावा पितात, सैल पडतात आणि पखवाज बसल्यासारखा वाजतो. तो चुलीजवळ धरू नका, कातडे आखडून फाटते. कोरड्या फडक्याने पुसा, गवसणीत घालून माजघरात जमिनीपासून उंच ठेवा. आणि कितीही उशीर झाला तरी कणीक काढल्याशिवाय झोपू नका. ओलाव्याने बुरशी धरते आणि कणकेच्या वासाने उंदीर कातडेसुद्धा कुरतडतात. काढताना सुरी लावू नका. ओल्या हाताने सोडवा आणि फडक्याने पुसून घ्या.

मंडपात माईक असला तर तो धुमेपासून साधारण वीतभर अंतरावर ठेवा. भजनाला वापरतो तसा हातातला माईक जवळ आणला की खालचा आवाज आपोआप भरतो. लांबच्या माईकवर मशीनचे बटण वाढवत बसले तर सगळ्या मंडपात नुसती घरघर होते.

हे सगळे करूनही आवाज आला नाही, तर पुडी तपासा. कातडे फाटले असेल किंवा उजवीकडच्या शाईचे तुकडे पडत असतील, तर कारागिराकडेच न्यायला हवे. पण गटाच्या पैशातून नवी पुडी घालण्याआधी कणीक, ताण आणि हात एकदा तपासून घ्या. खर्च वाचला तर तोच पैसा शिकणाऱ्या मुलीच्या जाण्यायेण्याला द्या.

आणि 'बाईचा हात' म्हणाल, तर पखवाजातली नाना पानसे यांची परंपरा इंदूरला वाढली, आणि त्याच इंदूरच्या चित्रांगना आगले रेशवाल मंचावर एकट्या पखवाज वाजवतात. हात बाईचाच आहे.

येत्या बैठकीला गटातली एक मुलगी आणि एक बाई अशा दोघींची नावे ठरवा. एकीची कंपनीत पाळी असली तरी दुसरी हजर राहील. बुवांना यंदाही बोलवा, पण वाजवायला नको, शिकवायला. 'धा'पासून सुरुवात होऊ दे. कणीक मळायला तर आपल्याला कुणी शिकवायला नको.