पाळी सोपवताना

नवलाख उंबरे हे मावळातले गाव. नाव ऐकले की नऊ लाख उंबरठे डोळ्यांपुढे येतात. आज याच गावाच्या शिवारात कारखान्यांची फाटके उभी आहेत. तळेगावची एमआयडीसी पसरत इथवर आली आणि भातखाचरांच्या शेजारी शेड उभ्या राहिल्या. सकाळी कंपन्यांच्या बस तळेगाव, वडगाव, चाकणकडून माणसे घेऊन येतात. रमजान महिन्यात त्या बसमध्ये कुणी पहाटे सहरी करून, रोजा धरून बसलेला असतो. शेजारच्या सीटवर कुणाचा एकादशीचा उपास असतो, तर कुणाच्या मांडीवर पोळीभाजीचा डबा. गाव वेगळे, भाषा वेगळी, सण वेगळे. पण पुढचे आठ तास सगळ्यांचे एकाच छपराखाली जाणार असतात.

हे आठ तास कसे जातील, हे कशावर ठरते? पगार, मशीन, साहेब ही कारणे आहेतच. त्यांच्याइतकेच मोठे कारण म्हणजे आधीच्या पाळीतला माणूस मागे काय ठेवून गेला. पाळी बदलतानाची दहा-पंधरा मिनिटे पाहिली, तर कारखान्याचा स्वभाव कळतो.

एक साधे उदाहरण घेऊ. मशीनचे टूल झिजत आले आहे, हे पहिल्या पाळीच्या कामगाराला कळलेले असते. त्याने ते वहीत लिहिले, तोंडी सांगितले, तर दुसऱ्या पाळीचा माणूस आधी टूल बदलतो आणि मग काम सुरू करतो. त्याने ‘माझे नग पूर्ण झाले, पुढचे तो बघेल’ म्हणून बस पकडली, तर पुढच्या पाळीचे पहिले नग मापात बसत नाहीत. रिजेक्शन दुसऱ्याच्या नावावर लागते. दुसऱ्या दिवशी तोही काही न सांगता निघून जातो. आठवड्याभरात दोन्ही पाळ्या एकमेकांशी बोलेनाशा होतात आणि सुपरवायझरचा अर्धा वेळ ‘कुणी केले’ हे शोधण्यात जातो. मशीन तेच, माणसे तीच. बिघडलेली असते ती फक्त वागणूक.

प्रेस मशीनवर हीच गोष्ट जिवावर बेतते. हात आत असताना मशीन चालू नये म्हणून सेन्सर किंवा दोन्ही हातांनी दाबायची बटणे असतात. नग वाढावेत म्हणून कुणी सेन्सर झाकतो, कुणी एक बटण अडकवून ठेवतो. त्याला सवय असते, म्हणून तो वाचतो. पुढच्या पाळीत नवा ट्रेनी पोरगा त्याच मशीनवर येतो. सेन्सर बंद आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसते. बोटे त्याची जातात. अशा वेळी चौकशी अपघाताची होते. आदल्या पाळीतल्या बेफिकिरीची नोंद क्वचितच कुठे सापडते.

या उलट चित्रही आपल्याच मातीतले आहे. मुंबईचे डबेवाले बहुतांश मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले. महादू हावजी बच्चे यांनी 1890 च्या सुमारास हे काम सुरू केले. एक डबा घरापासून कचेरीपर्यंत जाताना अनेक हातांतून जातो. एक जण तो घरून उचलतो, स्टेशनवर डबे खुणेप्रमाणे वेगळे होतात, दुसरा ते लोकलच्या लगेज डब्यातून नेतो, उतरल्यावर तिसरा आपल्या भागातले डबे घेतो. दुपारी रिकामा डबा त्याच वाटेने परत फिरतो. यातल्या एकाला पाच मिनिटे उशीर झाला तर पुढच्याची लोकल चुकते. त्यामुळे ‘माझे काम झाले’ हे वाक्य डबेवाल्याला परवडतच नाही. बहुतेक जण शाळा अर्ध्यावर सोडलेले. तरी त्यांची पद्धत समजून घ्यायला हार्वर्ड बिझनेस स्कूलने 2010 मध्ये त्यांच्यावर अभ्यासप्रकरण तयार केले.

व्यवस्थापनाच्या वर्गात डबेवाल्यांची शिस्त नेहमी सांगितली जाते. तिच्या मुळाशी काय आहे, ते मात्र कमी सांगितले जाते. डबेवाला कुणाचा नोकर नाही. तो आपल्या गटाचा वाटेकरी आहे. गटाची कमाई गटात वाटली जाते, मुकादम त्यांच्यातलाच असतो आणि गटात जादा माणसे ठेवलेली असतात, म्हणजे कुणी आजारी पडला तरी डबा अडत नाही. कामावर दारू प्यायली, टोपी घातली नाही, तर दंड गटच करतो. म्हणजे वागणुकीचा नियमही त्यांचा आणि चांगल्या वागणुकीचे फळही त्यांचे. कोरोनाच्या काळात लोकल आणि कचेऱ्या बंद झाल्या, तेव्हा अनेकांना गावी परतावे लागले आणि त्यांची संख्या बरीच घटली. चांगली वागणूक माणसाला प्रत्येक संकटातून वाचवते असे नाही, हेही इथे लक्षात ठेवायला हवे.

आता कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराकडे पाहा. शेजारच्या पर्मनंट माणसाइतकेच काम, पगार कितीतरी कमी, आणि काही महिन्यांनी ब्रेक. ‘कंपनी आपली समजा’ असे त्याला सांगताना बोलणाऱ्याची जीभही थोडी अडखळत असेल. आपलेपणा हवा असेल तर वाटाही हवा, ही गोष्ट याच पट्ट्यातल्या कामगारांनी एकदा उघड मागितली होती. चाकणच्या बजाज ऑटो कारखान्यात जून 2013 मध्ये संप झाला. कामगार संघटनेच्या मागण्यांत प्रत्येक कामगाराला एक रुपया दराने कंपनीचे 500 शेअर द्यावेत, अशी मागणी होती. संप सुमारे 50 दिवस चालला. ती मागणी मान्य झाली नाही. तिच्यावर त्या वेळी पुष्कळ टीकाही झाली. मागणी योग्य की अयोग्य यावर आजही वाद होऊ शकतो, पण तिच्यामागचा प्रश्न संपासोबत संपला नाही.

तळेगावच्या जनरल मोटर्स कारखान्याची आठवणही इथे ताजी आहे. 2008 मध्ये सुरू झालेल्या या कारखान्यातले उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबले. कंपनीने भारतातला व्यवसाय आवरला होता. कामगारांनी नोकऱ्यांसाठी न्यायालयीन लढा दिला. पुढे 2023 मध्ये ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला. दूर देशात झालेल्या निर्णयापुढे इथल्या कामगाराची हजेरी आणि सफाई कमी पडते, हे परिसरातल्या घराघरांनी अनुभवले. म्हणून कामगाराच्या वृत्तीवर बोलताना मालकाच्या वृत्तीवर गप्प राहणे बरोबर नाही.

कुराणात ‘अल-मुतफ्फिफीन’ नावाची एक सूरह आहे. मापात मारणाऱ्यांना तिच्यात कडक इशारा आहे. स्वतः घेताना पूर्ण माप घेणारा आणि दुसऱ्याला देताना कमी भरणारा माणूस तिथे डोळ्यांपुढे आहे. हे फक्त तराजू धरणाऱ्या दुकानदारापुरते नाही, असे जाणकार सांगत आले आहेत. पूर्ण पगार घेऊन अर्धे काम करणारा कामगार या मापात मारणाऱ्यांत बसतो. पूर्ण काम करून घेऊन ओव्हरटाइम बुडवणारा ठेकेदारही त्याच रांगेत बसतो. हलाल कमाई म्हणताना आपण कमाई कुठून आली एवढेच पाहतो. ती पुरती भरून दिली का, हा प्रश्नही त्यातच आहे. पंढरीच्या वाटेवरच्या माणसालाही हा हिशोब नवा नाही.

रमजानमध्ये या हिशोबाची रोज परीक्षा होते. रोजा ठेवणाऱ्याला एकांतात पाणी प्यायला कुणी अडवत नाही, तरी तो पीत नाही. कुणी पाहत नसताना पाळलेला हा नियम रात्रपाळीत सुपरवायझर डुलकी घेत असताना मशीनवरही पाळला गेला, तर रोजा कामाला आला म्हणायचे. रोज्याचे कारण सांगून आपला भार दुसऱ्यावर टाकणे चुकीचे. तसेच भट्टीजवळ चक्कर येत असताना गप्प राहणेही चुकीचे, कारण तिथे आपल्यासोबत शेजाऱ्याचाही जीव धोक्यात येतो. अशा वेळी लाइनवर सांगावे आणि काम बदलून मागावे.

दुसऱ्या पाळीत इफ्तारची वेळ कामाच्या मध्येच येते. खजूर आणि पाण्यासाठी दहा मिनिटे पुरतात, मात्र तेवढा वेळ मशीन कुणीतरी सांभाळावे लागते. अनेक ठिकाणी ती व्यवस्था कागदावर कुठेच नसते. शेजारचा गणेश किंवा संतोष ‘जा, मी बघतो’ म्हणतो आणि काम भागते. आषाढीला त्याला देहूला जायचे असते, दिवाळीत त्याला घरी थांबायचे असते, तेव्हा ती पाळी सलीमने घ्यायची असते. यात उपकार कुणाचे नाहीत. डबेवाल्यांच्या गटातल्या जादा माणसासारखी ही सोय आहे.

ईदची पाळी मात्र नीट ठरवावी लागते. चंद्र दिसला की नाही, हे आदल्या संध्याकाळी कळते, आणि सुट्टीचा अर्ज तर दोन दिवस आधी द्यायचा असतो. ज्या लाइनवर वर्षभर वही लिहिली गेली, टूल झिजल्याचे सांगितले गेले, सेन्सर उघडे ठेवले गेले, तिथे ऐनवेळी फोन करायला संकोच वाटत नाही. पलीकडून एवढेच विचारले जाते, की पहिली पाळी की दुसरी?