शत्रूच्या कारखान्याच्या दरवाजावर

परस्परांवर काडीचाही विश्वास नसलेली राष्ट्रे अण्वस्त्रकपातीच्या कराराची खातरजमा करतात तरी कशी, असे चांगी बिझनेस पार्कमधील आमच्या कचेरीत परवा एका तरुण सहकाऱ्याने विचारले.

आपल्या तारापूरला, 1969 साली सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांवर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक मोहोरा, कॅमेरे आणि इंधनाचे दफ्तर यांच्या आधारे लक्ष ठेवीत आले आहेत; परंतु तेथे प्रश्न इंधनाचा, अस्त्रांचा नव्हे.

अस्त्रांच्या बाबतीत मला सर्वांत विलक्षण वाटतो तो 8 डिसेंबर 1987 रोजी रेगन आणि गोर्बाचेव यांनी सही केलेला मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करारनामा, ज्यान्वये 2,692 क्षेपणास्त्रे नष्ट झाली.

त्याच्या खातरजमेसाठी रशियातील वोत्किन्स्कच्या कारखान्याच्या दरवाजावर अमेरिकी, तर युटामधील मॅग्ना येथे सोव्हिएत निरीक्षक वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून होते!

कारण असे, की वोत्किन्स्कला तयार होणाऱ्या, मुभा असलेल्या एसएस-25 क्षेपणास्त्राचा एक टप्पा मनाई झालेल्या एसएस-20 च्या टप्प्यासारखाच दिसे. म्हणून बाहेर पडणाऱ्या मोठ्या पेट्यांची क्ष-किरणांनी पाहणी करण्याची तजवीज होती.

ही तपासणी 2001 पर्यंत चालली. 2019 मध्ये करारच संपुष्टात आला, याचा मला मनापासून खेद वाटतो.

मोहोरा आणि तपासणीच्या यंत्रांविषयी कोणास जिज्ञासा असल्यास अवश्य विचारावे.