डहाणू-घोलवडचा चिकू: तोडणीनंतरचा आठवडा

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला घोलवड-बोर्डीच्या किनारपट्टीत पिकणाऱ्या ‘कालीपत्ती’ जातीच्या चिकूला 2016 मध्ये ‘डहाणू-घोलवड चिकू’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र ज्या मऊ, रवाळ गरामुळे त्याचे नाव झाले, त्याच गरामुळे तो टिकवणे कठीण जाते. तोडणीनंतर पिकणाऱ्या फळांपैकी हे एक असल्याने झाडावरून उतरल्यावर त्याचे श्वसन वाढते, ते इथिलीन हा वायू सोडू लागते आणि हाच वायू पिकण्याचा वेग आणखी वाढवतो; परिणामी साध्या हवेत पक्व चिकू सुमारे पाच ते सात दिवसांत खाण्याजोगा होतो आणि लगेच उतरू लागतो.

टिकवणुकीचा खरा निर्णय झाडावरच होतो, कारण आंबा रंगाने वा वासाने काही सूचना तरी देतो, चिकू मात्र कच्चा असो वा पक्व, तपकिरीच राहतो. म्हणून जाणकार तोडणारा सालीवरील खरखरीत कोंडा झडला आहे का, नखाने हलके खरवडल्यास हिरव्याऐवजी पिवळट रेघ उमटते का, हे पाहतो. कोवळे तोडलेले फळ मऊ पडले तरी तुरट आणि चिकट राहते. देठाच्या जागेतून पाझरणारा चीक (मध्य अमेरिकेतील झाडांच्या अशाच चिकापासून एकेकाळी च्युइंगगम बनत असे) सालीवर सुकू न देता निथळून धुवावा लागतो; आणि फळ उंचावरून पडले, तर सालीखालचा मार तेव्हा न दिसता पिकल्यावर काळ्या डागाच्या रूपाने उघडा पडतो, तोवर ते बहुधा दूरच्या बाजारात पोहोचलेले असते.

शीतगृह हा सोपा उपाय वाटतो, पण उष्ण प्रदेशातील या फळाला फार थंडी बाधते. तापमान फार खाली गेले, की ते नीट पिकतच नाही. त्यामुळे मध्यम थंडाव्याच्या जोडीला इथिलीनवर अंकुश ठेवावा लागतो: पोटॅशियम परमँगनेटच्या पुड्या हवेतील इथिलीन नष्ट करतात, तर सिसलर आणि ब्लँकनशिप या अमेरिकी संशोधकांनी शोधलेला एक-मिथाइलसायक्लोप्रोपीन हा वायू फळाच्या पेशींतील इथिलीन ओळखणारी ठिकाणेच अडवून ठेवतो. अर्थात, हा वायू फळ टणक असतानाच द्यावा लागतो. पिकण्याची क्रिया पुढे गेली, की त्याचा फारसा उपयोग उरत नाही.

या आठवड्याच्या मर्यादेत अंतराला फार किंमत येते. 2021 मध्ये मानांकित चिकू ब्रिटनला पाठवण्यात आला, तेव्हा डहाणूच्या फळांवरील प्रक्रिया गुजरातेतील तापी जिल्ह्यातल्या पॅकहाऊसमध्ये झाली. म्हणजे परदेशाच्या वाटेला लागण्याआधीच ही फळे राज्याची सीमा ओलांडून गेली. अशा फळासाठी प्रतवारीची आणि थंडाव्याची सोय बागेच्या जवळ असणे ही चैन नव्हे. लांबचा प्रवास न पेलणारा माल कापून वाळवला जातो आणि चिप्स किंवा भुकटी होऊन तो महिनोन्‌महिने टिकतो, फक्त तो रवाळ गर त्यात उरत नाही.