शॉक बसल्यावर रक्ताच्या पेशींचे काय होते?



सिकलसेल तपासणीमुळे तांबडी पेशी तुमच्या ओळखीची आहे. आज त्याच पेशीबद्दल लिहितो आहे, पण कारण वेगळे आहे. खेड्यापाड्यांत विजेचा शॉक बसलेल्या माणसाला ओल्या मातीत गळ्यापर्यंत पुरतात. माती करंट ओढून घेते, असा समज आहे. पण करंट अंगात साठून राहतच नाही. तार सुटली की तो संपला. मागे राहते ती त्याने केलेली मोडतोड, आणि ती कशी होते हे या पेशीवरून चांगले समजते.

तांबडी पेशी म्हणजे हिमोग्लोबिनने भरलेली चपटी पिशवी. तिचे आवरण स्निग्ध पदार्थाच्या दोन थरांचे असते आणि त्याला आतून स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी असते, गोधडीला धाग्याची असावी तशी. त्या जाळीमुळेच पेशी अरुंद केशवाहिनीतून दुमडून जाते आणि पलीकडे पुन्हा मूळ आकार घेते. सुमारे १२० दिवस तिचा हा प्रवास चालतो.

या आवरणाच्या दोन बाजूंत साधारण १ व्होल्टचा फरक पडला, म्हणजे टॉर्चच्या सेलपेक्षाही कमी, तरी काही मायक्रोसेकंदांत त्याला बारीक छिद्रे पडतात. किनोसिता आणि त्सोंग या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये तांबड्या पेशींवर याचे प्रयोग केले. छिद्रे इतकी लहान की हिमोग्लोबिन त्यांतून बाहेर पडत नाही. क्षार मात्र ये-जा करतात, त्यांच्यामागे पाणी आत शिरते, पेशी फुगते आणि फुटते. भोवती योग्य साखरेचे द्रावण ठेवले तर ती फुगत नाही, आणि शरीराच्या तापमानाला छिद्रे हळूहळू बुजतात. (२०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सिकलसेलच्या जनुकीय उपचारात हीच युक्ती आहे. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी शरीराबाहेर काढून, त्यांना विजेचा क्षणिक झटका देऊन उपचाराचे रेणू आत सोडतात.)

उष्णतेचे तसे नाही. जर्मनीचे माक्स शुल्त्से यांनी १८६५ मध्ये रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तापवून पाहिले. ५२ अंशांच्या सुमारास तांबड्या पेशींना फुगे आले आणि त्यांचे तुकडे पडले. पुढे कारण कळले: ४९-५० अंशांना स्पेक्ट्रिनची घडण मोडते. उकडलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही, तशी ही जाळी पूर्ववत होत नाही. आपला कपातला चहा याहून गरम असतो!

घरातल्या २३० व्होल्टच्या शॉकमध्ये पहिला धोका हृदयाला. पण शेतावरून जाणाऱ्या ११,००० व्होल्टच्या तारेचा शॉक बसला तर छिद्रे आणि भाजणे दोन्ही एकदम होते. मनगटासारख्या अरुंद जागी करंट दाटतो आणि मांस आतून शिजते. पेशी जितकी लांब तितका तिच्या आवरणावर ताण जास्त, म्हणून स्नायूंच्या लांब पेशी तांबड्या पेशींच्याही आधी फाटतात. त्यांतले मायोग्लोबिन आणि फुटलेल्या तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन मूत्रपिंडात जाऊन अडकते. लघवी काळ्या चहासारखी होते. वरून मात्र तळहातावर एवढासा काळा डाग दिसतो आणि घरचे म्हणतात, "थोडंच भाजलंय." शिरेतून भरपूर सलाइन वेळेवर मिळाले तर मूत्रपिंड वाचू शकते. मातीत पुरून ठेवण्यात नेमका तोच वेळ जातो.

म्हणून गावभेटीला जाल तेव्हा एवढे सांगा. आधी वीजपुरवठा बंद करायचा. मोठ्या तारेजवळ तर काठी घेऊनही जायचे नाही. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लागायचे आणि गाडी बोलवायची. माणूस उठून बोलू लागला तरी त्याला दवाखान्यात न्यायचे. वाटेत लघवी झाली तर तिचा रंग पाहून ठेवायचा आणि डॉक्टरांना सांगायचा.