त्रयोदशीचा रविवार बघून ठेवा

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पाऊणकी पाठ असलेल्या पिढीला हा हिशेब तोंडी जमायचा. आज अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरलेलं आणि बाराच्या आसपास सुकती. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो आणि हा हिशेब ४५च धरतो. त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येकडे जाताना प्रत्यक्ष भरती उत्तरापेक्षा थोडी मागे पडते. अर्धा-पाऊण तास पदरचा धरावा, एवढंच.

हे सांगायचं कारण म्हणजे होडीनं बेटं पाहायची हौस. त्यासाठी लोक फुकेतला जातात. जावं की, कोण नाही म्हणतंय? पण गिरगाव-लालबागच्या माणसाला खांदेरी आणि कुलाबा हे दोन जलदुर्ग एका दिवसात करून रात्री घरी जेवायला येता येतं. अडचण एकच, दोघांच्या मागण्या उलट्या आहेत. खांदेरीला थळच्या कोळीवाड्यातून होडी लागते आणि ओहोटीला तिथल्या होड्या चिखलात टेकलेल्या असतात, म्हणून तिथे पाणी हवं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर पाणी ओसरलेलं हवं. म्हणजे सकाळी भरती आणि दुपार कलल्यावर ओहोटी, असा दिवस शोधायचा.

आता कालनिर्णय काढा. द्वादशीला बारा पाऊण नऊ, त्रयोदशीला तेर पाऊण पावणेदहा. त्यात पदरचा अर्धा तास मिळवला की साडेनऊ ते सव्वादहाच्या दरम्यान पूर्ण भरती, आणि तिथून सहा तासांनी, साडेतीन ते सव्वाचारला, पूर्ण ओहोटी. शुक्ल असो की कृष्ण, पक्षानं फरक पडत नाही. अष्टमी-नवमीच्या वाटेला मात्र जाऊ नका. तेव्हा भांग असते, पाणी धड चढतही नाही आणि उतरतही नाही, आणि किल्ल्याच्या वाटेवर ते राहूनच जातं. ऑक्टोबर ते मे या महिन्यांतला असा एखादा रविवार हेरून त्यावर पेनानं गोल करून ठेवावा. निघण्याआधी सरकारी भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहावं हे ओघानं आलंच.

गेटवेहून सकाळच्या पहिल्या लाँचनं मांडवा तासाभरात येतं. लाँचच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, पण आपल्याला मध्येच थळला उतरायचंय, म्हणून रिक्षा बरी. थळला कोळीवाड्यात होडी ठरवावी लागते. इथे तिकीटखिडकी नाही, नाखवा सांगेल तो भाव आणि तो म्हणेल ती वेळ. भावावर घासाघीस करा, वेळेवर करू नका. खांदेरीवर उतरायला परवानगी लागते का, याची चौकशी आदल्या आठवड्यातच केलेली बरी.

खांदेरी का पाहायची? मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ साली किल्ला बांधायला घेतला, तेही ऐन पावसाळ्यात. मुंबईतल्या इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी जहाजं आणून नाकेबंदी केली. पण महाराजांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी याची माणसं तटाचं काम सोडेनात, आणि थळहून सुटणारी मराठ्यांची हलकी गलबतं उथळ पाण्यातून रात्री सामान पोचवत राहिली. मोठ्या जहाजांना तिथे शिरता येईना. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला इंग्रजांनी नाद सोडला. मग जंजिऱ्याच्या सिद्दीनं समोरची उंदेरी घेतली आणि दोन्ही बेटं एकमेकांवर तोफा डागत बसली. होडीतून जाताना उंदेरी बाजूलाच दिसते, तेव्हा हे भांडण किती जवळून चाललं असेल ते उमगतं. आज खांदेरीवर १८६७चं दीपगृह आहे, कोळ्यांच्या वेताळाचं देऊळ आहे आणि ठोकला की भांड्यासारखा वाजणारा एक दगड आहे. जो येतो तो ठोकूनच जातो. २०२५ साली युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात खांदेरी आहे.

बारापर्यंत थळला परत यायला हवं. पाणी उतरू लागलं की नाखवा थांबत नाही. अलिबागला जेवून तीनच्या सुमारास किनाऱ्यावर जा. ओली वाळू, शेवाळलेले खडक, मध्ये घोट्याएवढं पाणी, शेजारून किल्ल्यावर निघालेल्या घोडागाड्या. आत गणपतीचं पेशवेकालीन देऊळ आणि चहूकडे समुद्र असूनही गोड्या पाण्याची विहीर. पूर्ण ओहोटीच्या वेळेनंतर फार तर तासभर आत थांबा. पाणी परतताना आवाज करत नाही. अडकलात तर होडीची वाट पाहावी लागते आणि मांडव्याची शेवटची लाँच चुकते.

पावसाळ्यात यातलं काहीही नको. गेटवे-मांडवा लाँच तेव्हा बंदच असतात. १७ जुलै १९४७ला, गटारीच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. गिरगाव-परळच्या कितीतरी चाळींत तेव्हा सुतक होतं. हवा स्वच्छ असली तरी लाइफ जॅकेट अंगावर हवंच. १८ डिसेंबर २०२४ला घारापुरीच्या लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हा समुद्र शांत होता आणि तरीही १५ जण दगावले.

तिथी जुळत नसेल तर घारापुरी आहेच. लाँच दिवसभर सुटतात, फक्त सोमवारी लेणी बंद असतात. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो मात्र तिथे शोधू नका. विलायतेला न्यायच्या खटपटीत तो फुटला आणि जोडून भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा केला आहे. घारापुरीच्या लेण्यांच्याच काळातली शिवाची एक उभी, पुरुषाहून उंच शिळा १९३१ साली परळमध्ये रस्ता खणताना सापडली. ती बारादेवीच्या देवळात आहे. परळ हेही मुंबईच्या सात बेटांपैकी एक, आणि तिथे जायला लोकल पुरते.