फक्त बेल्टच तुटलाय?

फोनवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळताना एखादी गाडी एकदम नजरेत भरते. रंग चांगला, सीट स्वच्छ, एकच मालक आणि किंमत बाजारभावापेक्षा लाखभर कमी. खाली एक ओळ असते, ‘फक्त टायमिंग बेल्ट तुटला आहे, बाकी गाडी ओके.’ तुम्ही ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारता, बेल्ट केवढ्याला पडेल? तो काही हजारांचा आकडा सांगतो आणि घरात सगळ्यांना वाटतं, घबाड मिळालं!

टोकन देण्याआधी जरा थांबा. बेल्टची किंमत कुणीही सांगेल. तो तुटला त्या क्षणी इंजिनच्या आत काय झालं, हे मात्र इंजिन तपासल्याशिवाय विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

बेल्ट नेमकं काय करतो?

इंजिनात पिस्टन वर-खाली होतात आणि हवा आत घेणारे, धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. या दोघांचा ताल सांभाळतो तो दातेरी रबरी टायमिंग बेल्ट. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. अशा वेळी बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आहेत तिथेच थांबतात, काही उघडेच राहतात. पिस्टन मात्र वेगात वर येऊन त्यांच्यावर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनला मार बसतो, कधी हेडही खराब होतं.

काही जुन्या पेट्रोल इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात पुरेशी जागा असते. तिथे नवीन बेल्ट टाकल्यावर गाडी सुरू होऊ शकते. डिझेल इंजिनांत ही जागा बहुधा नसतेच. शिवाय सगळ्या गाड्यांत बेल्ट असतो असंही नाही. स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेल इंजिनात चेन आहे, तर डस्टर आणि पोलोच्या १.५ लिटर डिझेलमध्ये बेल्ट. म्हणून आधी नेमकं इंजिन कोणतं, ते विचारा.

गाडी बघायला जाताना

आपला भरवशाचा मेकॅनिक सोबत न्या. विकणारा म्हणेल, ‘थांबा, सेल्फ मारून दाखवतो.’ त्याला तिथेच थांबवा, कारण तुटलेल्या बेल्टवर इंजिन फिरवलं तर नुकसान वाढू शकतं. मग हे प्रश्न विचारा:

* बेल्ट तुटला तेव्हा गाडी हायवेवर होती की उभी? वेग जितका जास्त, तितका धक्का मोठा.
* बेल्ट का तुटला? मुदत संपली होती, तेल गळून त्यावर आलं होतं, की वॉटर पंप जाम झाला होता? मूळ दुखणं तसंच राहिलं, तर नवा बेल्टही टिकणार नाही.
* आधी बेल्ट कधी बदलला? त्याचं बिल आहे का?

मालक तयार असेल तर बेल्ट तात्पुरता बसवून इंजिन पान्याने, हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बघता येतं. कुठे अडलं नाही, तर कॉम्प्रेशन टेस्ट करावी. व्हॉल्व्ह वाकले असतील, तर ते तिथे कळतं. तपासणीला मालक नाहीच म्हणाला, तर इंजिन गेलं आहे असंच धरून चाला.

बंद गाडी बरंच लपवते

बंद गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेता येत नाही. क्लच, गिअरबॉक्स, एसी, टर्बो यांतलं काय धड आहे आणि काय नाही, हे इंजिन सुरू झाल्यावरच समजतं. म्हणजे तुम्ही इंजिनबरोबर या सगळ्यांवरही जुगार खेळत असता.

हिशेब असा मांडा

किंमत ठरवताना बेल्टचा खर्च वजा करू नका, सगळ्यात वाईट शक्यतेचा खर्च वजा करा. समजा, तशीच चालू गाडी ३ लाखांना मिळते. मेकॅनिकने हेड उतरवून पूर्ण कामाचा अंदाज ९० हजार दिला. गाडी टोइंग करून न्यायला ५ हजार आणि लपलेल्या दुखण्यांसाठी ३० हजार बाजूला ठेवले. तर तुमची वरची मर्यादा झाली १ लाख ७५ हजार. आकडे तुमच्या शहराप्रमाणे बदलतील, पण वजाबाकी हीच राहील. विम्यातून पैसे मिळतील या भरवशावर राहू नका. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाडाचा खर्च धरलेला नसतो.

कागदपत्रंही विसरू नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र, गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ लागतो. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करा.

एवढं करूनही भाव जमला, तर गाडी जरूर घ्या. बेल्टबरोबर टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलून घ्या आणि बिल जपून ठेवा. नाही जमला, तर हात जोडून परत या. जाहिराती रोज नव्या येतात, घरच्यांनी वर्षानुवर्षं साठवलेले पैसे तसे येत नाहीत.