जिना कोणाच्या हातात?

संपादकांनी काम सांगितलं ते एका वाक्यात. पुण्यात आधुनिक कलेचं संग्रहालय हवं असं जो तो म्हणतो. हवं म्हणजे नेमकं काय हवं, ते बघून या.

बघायला मुंबईलाच जावं लागणार होतं. आपल्याकडे बालगंधर्वचं कलादालन आहे, घोले रस्त्यावर राजा रविवर्मा कलादालन आहे. पण ती भाड्याची दालनं. चार दिवस चित्रं लागतात, शेवटच्या संध्याकाळी जुन्या चादरींत गुंडाळून टेंपोत चढतात आणि चित्रकाराच्या माळ्यावर जातात. दुसऱ्या दिवशी भिंतीवर फक्त खिळ्यांच्या खुणा. सव्वासातची डेक्कन क्वीन पकडली आणि अकराच्या सुमारास रीगलच्या चौकात जाऊन उभा राहिलो.

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयं देशात तीन: दिल्लीचं १९५४चं, मुंबईचं १९९६चं, बंगळूरचं २००९चं. मुंबईतलं रस्त्यावरून पाहिलं तर संग्रहालय वाटत नाही, कारण ते मुळात सभागृह. कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, जॉर्ज विटेटच्या आराखड्यानुसार १९११ साली उभं राहिलेलं. समोरचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही त्याच विटेटचं. इथे मैफली झाल्या, राजकीय सभा गाजल्या. पुढे शहरात वातानुकूलित सभागृहं झाली आणि या हॉलचं गिऱ्हाईक आटलं. मग मुष्टियुद्धाचे सामने, कामगारांच्या सभा, लग्नाचे स्वागतसमारंभ, चामड्याच्या वस्तूंची विक्री, जे येईल ते. शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि गॅलरी चालवणारे केकू गांधी यांच्यासारख्या मंडळींनी लावून धरलं, तेव्हा कुठे त्याचं संग्रहालय करायचं ठरलं. कामाला बारा वर्षं लागली. पोचखानवाला १९८६ मध्येच गेल्या. दार उघडलेलं त्यांना पाहायला मिळालं नाही.

बाहेरचा दगड तसाच ठेवून आतला हॉल पोखरून काढला आणि त्या पोकळीत एकावर एक दालनं बसवली. अर्धवर्तुळाकार मजले, त्यांना जोडणारे जिने आणि सगळ्यात वर घुमटाखालचं गोल दालन. माझा अर्धा दिवस त्या जिन्यानेच खाल्ला. एरवी दालनं शेजारीशेजारी असतात. कंटाळलात तर मधलं टाळून पुढे जाता येतं. इथे जिना तुम्हाला ओळीने नेतो. चार पायऱ्या चढून मागे वळलात की मघाशी जवळून पाहिलेलं चित्र आता खाली, लांब आणि वेगळंच दिसतं. एकाच चित्रकाराची चाळीस-पन्नास वर्षं मांडायची, म्हणजे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवायचं, तर याहून चांगलं यंत्र सापडणार नाही. तरुणपणीचं काम तळाशी, अखेरचं घुमटाखाली, मधली धडपड पायऱ्यापायऱ्यांवर.

यंत्र म्हटलं की देखभाल आली. कागदावरच्या चित्राला साधारण ५० लक्सच्या वर उजेड सोसत नाही, तैलरंगाला २०० पर्यंत चालतो. हवेतला दमटपणा पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्थिर असायला हवा. इथे समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि पावसाळ्यात मुंबईची हवा ऐंशीच्या पुढे जाते. कागदाला बुरशी धरायला तेवढं पुरतं. म्हणजे वातानुकूलन रात्रीही चालू हवं, कोठार कोरडं हवं, नवीन आलेलं चित्र कीड तपासल्याशिवाय आत घ्यायचं नाही. पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, म्हणून मागणीच्या निवेदनांतही ते नसतं.

पण या वास्तूची खरी अडचण हवेची निघाली नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये इथे प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारे बरवे १९९५ मध्ये, हे संग्रहालय उघडण्याच्या आदल्या वर्षी गेले. व्यासपीठावर अमोल पालेकर बोलत होते; अभिनेते व्हायच्या आधी तेही जे. जे.मधले चित्रकार. त्यांनी विषय काढला तो मजल्यांचा. स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती मोडीत निघाली, आणि यापुढे अशा प्रदर्शनांना फक्त घुमट मिळणार, बाकीच्या मजल्यांवर संग्रहालयाचा स्वतःचा संग्रह लागणार, असं का, हा त्यांचा प्रश्न. त्यांना मध्येच थांबवून बरव्यांपुरतं बोलायला सांगण्यात आलं. त्याची चित्रफीत देशभर फिरली.

संग्रहालयाने स्वतःचा संग्रह दाखवू नये असं कोण म्हणेल? कोठारात चित्रं कुजवायला थोडीच घेतात? पण पन्नास वर्षांचं काम एका गोल खोलीत कोंबलं की ते सिंहावलोकन उरत नाही, नमुन्यांची पेटी होते. जिना असून नसल्यासारखा. आणि हे ठरवणारा माणूस जिना चढून आलेला असेलच असं नाही.

त्याच वर्षाअखेर सुधीर पटवर्धनांचं सिंहावलोकनी प्रदर्शन इथे भरलं. पालेकरांनी ज्या प्रदर्शनांची काळजी व्यक्त केली होती त्यातलंच ते एक. पटवर्धन १९४९ साली पुण्यात जन्मले, आपल्या एएफएमसीत डॉक्टर झाले आणि ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करता करता लोकलमधली, इराण्याकडली, चाळीतली माणसं रंगवत राहिले. पुण्याच्या पोराची ही सगळी वर्षं एकत्र बघायची तर पुणेकराला घाट उतरावा लागला.

परतीच्या गाडीत यादी लिहायला घेतली. कोरडं कोठार, रात्रंदिवस चालणारं वातानुकूलन, मोठी चित्रं मावतील अशी मालवाहू लिफ्ट, नुसत्या डागडुजीसाठी दरवर्षी वेगळा पैसा. कर्जत गेल्यावर ती सगळी खाली सरकवली आणि वर पहिला मुद्दा घातला: कुठला मजला कोणाला, किती दिवस, हे ठरवणाऱ्या समितीत चित्रकार किती आणि त्यांना काढायचा अधिकार कोणाला, हे पायाभरणीच्या आधी कागदावर यावं.

संपादक म्हणाले, वाचकांना इमारतीचा फोटो लागतो. मी जिन्याचा दिला.